लाइट आली, सर्व्हर चालू झाला, पण बिलिंग उघडेना: सर्व्हिस लावताना या चुका टाळा

वागळे इस्टेट असो की रबाळे-महापे, छोट्या ऑफिसातला सर्व्हर म्हणजे बहुधा कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. त्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि उबंटूवर बिलिंग, फाइल शेअरिंग, प्रिंटर. लाइट जाते, यूपीएस दमतो. लाइट आली की मशीन आपोआप उठतं, सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, मात्र उठत नाही. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्रामचा नसतो. कोणती सर्व्हिस बूटबरोबर (मशीन सुरू होतानाच) सुरू व्हायची आणि कोणती मागणी आल्यावर, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

उबंटूत सर्व्हिस सुरू-बंद करण्याचं काम सिस्टमडी करतं, आणि त्याला हुकूम द्यायची कमांड म्हणजे सिस्टमसीटीएल. सगळ्यात साधी चूक आधी. "सिस्टमसीटीएल स्टार्ट" सर्व्हिस आत्ता सुरू करतं, पुढच्या बूटचं त्याला देणंघेणं नाही. "एनेबल" पुढच्या बूटसाठी सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) करून ठेवतं, आत्ता काहीच सुरू करत नाही. दोन्ही हवं असेल तर "एनेबल --नाऊ". तपासतानाही "इज-ॲक्टिव्ह" आणि "इज-एनेबल्ड" दोन्ही बघा.

उलट्या बाजूची चूक जास्त फसवी. सर्व्हिस डिसेबल केली म्हणजे ती पुन्हा उठणार नाही, असं नाही. दुसऱ्या युनिटला (सिस्टमडी सांभाळतं ती प्रत्येक गोष्ट म्हणजे युनिट) ती लागत असेल किंवा तिच्या नावाचं सॉकेट (हाक आली की सर्व्हिसला उठवणारा पहारेकरी) चालू असेल, तर ती उठतेच. प्रिंटिंग सांभाळणाऱ्या कप्सचं तसंच आहे: सर्व्हिस थांबवली तरी सॉकेट आणि पाथ (ठरावीक फाइल दिसली की सर्व्हिसला उठवणारं) ही युनिट्स जागी असतात. थांबवताना सिस्टमडी तसा इशाराही देतं, पण तो वाचतो कोण? खरंच बंद ठेवायची असेल तर तिन्ही थांबवून डिसेबल करा. एवढ्यानंही ऐकलं नाही, तरच "मास्क", म्हणजे ती कुणालाच सुरू करता येणार नाही अशी बंदी.

डॉकरचा घोटाळा याच जातीचा. डॉकर म्हणजे प्रोग्राम आपापल्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारी सर्व्हिस. बूटनंतर बिलिंगचा कंटेनर बंद, कुणीतरी लॉगिन करून "डॉकर पीएस" (चालू कंटेनरांची यादी) टाईप करतो आणि क्षणात सगळं सुरू! यात जादू नाही. डॉकरचं सॉकेट एनेबल आहे, सर्व्हिस नाही. त्यामुळे डॉकर पहिल्या हाकेची वाट बघत बसतो, आणि कंटेनरला लावलेलं "रीस्टार्ट=ऑलवेज" डॉकर उठेपर्यंत निरुपयोगी. इथे डॉकरची सर्व्हिसच एनेबल हवी.

एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) ज्या पोर्टवर, म्हणजे नंबराच्या दारावर, ऐकतं ते बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: उबंटू २२.१० पासून एसएसएच मुळातच सॉकेटवर चालतं. पोर्ट सॉकेटने धरलेलं असतं, म्हणून नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून काही बदलत नाही. २४.०४ मध्ये कॉन्फिग फाइलमधलं पोर्ट सॉकेटपर्यंत पोचतं, पण त्यासाठी "डेमन-रीलोड" (सिस्टमडीला सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) करून सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. सॉकेटच्या ओव्हरराइडमध्ये (मूळ सेटिंगवर मात करणाऱ्या फाइलमध्ये) पोर्ट लिहीत असाल, तर आधी "लिसनस्ट्रीम=" ही ओळ रिकामी द्या, मग नवं पोर्ट. ती विसरलात तर जुनं २२ नंबरचं दारही उघडंच राहतं. हे सगळं करताना दुसरं सेशन उघडं ठेवा.

आता आपल्याकडचा खास त्रास. लाइट येते तेव्हा सर्व्हर आणि राउटर एकदमच सुरू होतात, आणि एसएसडी टाकलेला सर्व्हर राउटरच्या आधी तयार होतो. नेटवर्क लागणारी सर्व्हिस, सर्व्हरला नेटवर्कवरचा पत्ता मिळण्याआधी उठते आणि पडते. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये नुसतं "आफ्टर=नेटवर्क.टार्गेट" लिहून भागत नाही. "नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट" हवं, आणि ते "आफ्टर=" व "वॉन्ट्स=" दोन्हींत. "आफ्टर=" फक्त क्रम सांगतं, बोलावणं "वॉन्ट्स=" धाडतं. तरीही ही वाट बघण्याला मुदत असते: सिस्टमडी-नेटवर्कडीमध्ये (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) मुळात १२० सेकंद. राउटर त्याहून आळशी निघाला तर सर्व्हिस पडायची ती पडतेच.

म्हणून पडलेली सर्व्हिस पुन्हा उठवणारं "रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर" लावतात, आणि इथेच पुढचा खड्डा आहे. "रीस्टार्टसेक=", म्हणजे पुन्हा उठवण्याआधीची वाट, मुळात १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. म्हणजे सुरू होताच पडणारी सर्व्हिस एखाद्या सेकंदात आपल्या पाचही संधी उडवते, राउटरचे दिवे लागायच्या आत. "रीस्टार्टसेक=१५" ठेवा, मर्यादा कधीच गाठली जात नाही. आधीच अडकलेली असेल तर "रीसेट-फेल्ड" करून (पडल्याची नोंद पुसून) पुन्हा स्टार्ट.

बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटवेळी जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये) साधी लिहून ठेवू नका. ती जोडलेली नसेल तर बूट ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) जातं. "नोफेल" आणि "एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट" लावा, मग डिस्क फोल्डर उघडल्यावरच माउंट होते, म्हणजे जोडली जाते.

मग मागणीवर काय ठेवायचं? प्रिंटिंग, बॅकअपची डिस्क, क्वचित लागणारं एसएसएच. डेटाबेस नको: लाइट गेल्यावर त्याला आधी रिकव्हरी करायची असते, आणि तो वेळ पहिल्या ग्राहकाच्या बिलावर काढण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही नको, त्याला हाक मारणारं कुणी नसतंच. शिवाय स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला सॉकेट लावण्याआधी, सिस्टमडीने दिलेलं सॉकेट तो घेतो का ते बघा. घेत नसेल तर तो तेच पोर्ट पुन्हा धरायला जातो आणि "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" म्हणत पडतो.

चाचणी नुसत्या "रीबूट"ने करू नका, त्यात राउटर चालूच राहतो. मशीन नीट शटडाउन करा, राउटरसकट मेन स्विच बंद करा, मिनिटभराने चालू करा. पाच मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बिलिंग उघडून बघा, त्यानंतरच सर्व्हरवर "सिस्टमसीटीएल --फेल्ड" आणि "लिस्ट-सॉकेट्स". "डॉकर पीएस" तोवर टाईप करू नका. त्यानेच डॉकर जागा होतो आणि मूळ चूक झाकली जाते.