स्वतःचा तांत्रिक ब्लॉग: उभारणी थोडी, देखभाल फार

तांत्रिक ब्लॉग सुरू करायला एक संध्याकाळ पुरते. तो पाच वर्षांनीही उपयोगी राहावा, यासाठी मात्र दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट ठरवाव्या लागतात: लेखांचे पत्ते कसे असतील आणि मूळ मजकूर कुठल्या स्वरूपात साठवला जाईल. या दोन्ही नंतर बदलणं फार महागात पडतं. थीम, होस्टिंग, रंग, लोगो केव्हाही बदलता येतात, त्यामुळे पहिला आठवडा त्यांच्यात घालवू नका.

डोमेन

फुकटच्या सबडोमेनवर सुरुवात केली की पत्ता दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज (जपान सोडून) बंद केली तेव्हा लाखो पानांचे पत्ते एकदम मेले. म्हणून स्वतःचं डोमेन घ्या आणि घेताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. तो बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असतो.

ऑटो-रिन्यू चालू ठेवून निर्धास्त होऊ नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी द्यायच्या संमतीचे) नियम लागू आहेत, त्यामुळे भारतीय कार्डावरून परदेशी कंपनीला दरवर्षी आपोआप पैसे जातीलच असं नाही. त्यापेक्षा एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरा आणि मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी मिळणारे वाढीव दिवसही गेले, की डॉट कॉमसारखं डोमेन ३० दिवस रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे दंड भरून सोडवण्याच्या टप्प्यात जातं. तिथून सोडवायला नेहमीच्या दराच्या कितीतरी पट पैसे लागतात. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं.

अजून एक. रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन संपलं की तो ईमेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक नेमकी तिथेच जाते.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. दिसायला छान आहे, पण अनेक ॲपमध्ये पेस्ट केलं की 'एक्सएन' ने सुरू होणारी अगम्य अक्षरं उमटतात. मुख्य पत्ता रोमनच ठेवा. हौस असेल तर देवनागरी डोमेन घेऊन तिथून मुख्य पत्त्याकडे वळवा.

साधन

मोबाइलवरून लिहायचं असेल, टर्मिनलचा कंटाळा असेल, तर वर्डप्रेस घ्या. प्लगइन पाच-सहाच्या वर नेऊ नका, अपडेट दर आठवड्याला करा. हॅक झालेल्या वर्डप्रेस साइटचं कारण बहुतेकदा जुनं, विसरलेलं प्लगइन असतं. बंद करून ठेवलेलं प्लगइनही काढून टाका, कारण त्याच्या फायली सर्व्हरवर तशाच असतात.

तांत्रिक लिखाण करणाऱ्याला मात्र स्टॅटिक जनरेटरच (मजकुरापासून तयार पानं आधीच बनवून ठेवणारा प्रोग्राम) बरा. ह्यूगो हा असाच एक जनरेटर, आणि तो म्हणजे एकच एक्झिक्युटेबल फाइल आहे. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात. डेटाबेस नाही, पीएचपी नाही. उद्या ह्यूगो बंद पडलं तरी मजकूर उचलून दुसऱ्या जनरेटरमध्ये टाकता येतो. प्रत्येक लेखाला स्वतंत्र फोल्डर करा आणि त्याची चित्रं त्याच फोल्डरमध्ये ठेवा. सगळी चित्रं एका ठिकाणी कोंबली, की दोन वर्षांनी कुठलं चित्र कुठल्या लेखाचं हे सांगता येत नाही.

क्रम असा: ह्यूगो बसवा, नवीन साइट तयार करा, थीम आणा, एक लेख लिहा, ह्यूगोचा सर्व्हर चालवून १३१३ पोर्टवर बघा, सगळं गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम) टाका, मग गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या साइट ठेवणाऱ्या सेवेला जोडा. गिटहबच्या मोफत खात्यात पेजेससाठी रेपॉझिटरी (गिटमधला फायलींचा साठा) सार्वजनिक लागते, म्हणजे तुमचे कच्चे मसुदेही कुणालाही वाचता येतात. ते नको असेल तर क्लाउडफ्लेअर खासगी रेपॉझिटरीवर चालतं. महिन्याला ५०० बिल्ड (फायलींपासून साइट बनवण्याच्या फेऱ्या) मोफत मिळतात आणि ते एका माणसाला पुरून उरतात.

घरी चालतं पण सर्व्हरवर मोडतं, असं झालं तर आधी हे तपासा:

- पान आलं पण रंगरूप गेलं: कॉन्फिगमधला (साइटच्या सेटिंगच्या फाइलमधला) मूळ पत्ता चुकला आहे. एचटीटीपीएस आणि शेवटची तिरकी रेघ नीट बघा.
- पान कोरं: थीम सबमॉड्यूल (दुसऱ्या रेपॉझिटरीचा दुवा) म्हणून जोडली आहे आणि बिल्ड करताना सबमॉड्यूल ओढलं गेलं नाही. थीमचं फोल्डर रिकामं असणार.
- काल चाललेलं आज बिल्डच होत नाही: सर्व्हरने ह्यूगोची नवी आवृत्ती घेतली आणि थीम जुनी आहे. आवृत्तीचा आकडा बांधून टाका. वाढवायचा असेल तेव्हा आधी घरच्या मशिनवर वाढवून बघा.
- लेखच दिसत नाही: मसुद्याची खूण काढायची राहिली, नाहीतर वेळेचा घोळ.

हा वेळेचा घोळ भारतात हमखास होतो. तुम्ही सकाळी दहाला लेख टाकला आणि तारखेत १०:०० लिहिलं, पण टाइमझोन लिहिला नाही. बिल्ड सर्व्हर ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो, म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. ह्यूगो भविष्यातले लेख बांधतच नाही, त्यामुळे एरर न देता लेख गायब. साडेतीन वाजले तरी तो आपोआप उगवत नाही, कारण पुढचं बिल्ड होईपर्यंत साइट जैसे थे. कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा, किंवा प्रत्येक तारखेपुढे अधिक ०५:३० लिहा.

लेखाचा पत्ता

शीर्षक मराठीत लिहा, पत्ता हाताने रोमनमध्ये द्या. यामागे निव्वळ हिशोब आहे. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची प्रमाण पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत, सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याची मर्यादा २०० अक्षरांची आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'उबुंटूवर प्रिंटर कसा जोडावा' या शीर्षकात २४ चिन्हं आणि तीन जोडरेघा आहेत, बेरीज २१९. पत्ता 'कसा जोड' पाशी तुटतो. वर हीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्केचिन्हांची दोन-तीन ओळींची माळ दिसते आणि लोक ती उघडायला कचरतात.

पत्त्यात तारीख आणि वर्गाचं नाव घालू नका. पुढे वर्ग बदलला की पत्ता बदलतो. तीन-चार रोमन शब्द पुरेत आणि एकदा प्रसिद्ध केले की त्यांना हात लावायचा नाही. आवृत्तीचा आकडाही पत्त्यात नको. नव्या आवृत्तीसाठी तोच लेख सुधारायचा असतो.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

पानाच्या मूळ टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा असू द्या. अनेक थीममध्ये तो इंग्रजीच राहून जातो. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' ची सोय आहे, त्यात ती या कोडवरूनच लागू होते. स्क्रीन रीडरही यावरूनच उच्चार ठरवतो.

फॉन्ट मोफत परवान्याचा घ्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही चांगले. दोनच वजनं ठेवा, साधं आणि ठळक, आणि फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात स्वतःच्याच साइटवर ठेवा. फॉन्ट उतरेपर्यंत सिस्टिमचा फॉन्ट दिसेल अशी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) सोय करा, नाहीतर मंद नेटवर काही सेकंद कोरं पान दिसतं. ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा. इंग्रजी थीमचं १.४ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच असावं, कारण ते वाढवलं की शिरोरेघ तुटते. तिरकी अक्षरं बंद करून टाका. बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरीचं तिरकं वळण नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो.

'दुसऱ्या' मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: वेगळं 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र' ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसतात सारखेच, पण साइटवरच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक पद्धत ठरवा आणि सगळ्या फायलींत एकदाच फाइंड-रिप्लेस करून टाका.

लेख लिहिताना

सर्वात वर तीन ओळी: कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या तारखेला करून पाहिलं. या तीन ओळी नसलेला तांत्रिक लेख वर्षभरात संशयास्पद होतो.

एरर मेसेज जसाच्या तसा, इंग्रजीत, मजकूर म्हणून टाका. त्याचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. लोक तीच ओळ कॉपी करून शोधतात आणि चित्रातली अक्षरं भरवशाने सापडत नाहीत. मेनू आणि बटणांची नावं वाचकाच्या स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा, भाषांतर करू नका.

कमांड कायम कोड ब्लॉकमध्ये. साध्या परिच्छेदात लिहिलेल्या सरळ अवतरणचिन्हांची अनेक संपादक वाकडी अवतरणचिन्हं करतात, दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतात. वाचक ती कॉपी करतो आणि त्याचं टर्मिनल तक्रार करतं. प्रसिद्ध करण्याआधी एका कोऱ्या व्हर्च्युअल मशिनवर स्वतःच्याच लेखातून कॉपी करत सगळ्या पायऱ्या करा. तुमच्या रोजच्या मशिनवर आधीच बसवलेली दोन-चार पॅकेजेस असतात, आणि लेखात सुटलेली पायरी बहुधा तीच असते.

स्क्रीनशॉट १२०० पिक्सेल रुंद पुरतात. त्यातली अक्षरं जेपेगमध्ये फिसकटतात, म्हणून पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी वापरा. ईमेल, आयपी, टोकन झाकायचं असेल तर ब्लर करू नका, त्यावरून मूळ अक्षरं काढता येऊ शकतात. सरळ काळा चौकोन मारा.

एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये गेली, तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) पुसून काही होत नाही. इतिहासात ती तशीच राहते आणि सार्वजनिक रेपॉझिटरीवर स्वयंचलित स्कॅनर सतत फिरत असतात. आधी त्या सेवेत जाऊन की रद्द करा, नवी घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतर.

देखभाल

गुगल सर्च कन्सोलमध्ये डोमेन तुमचंच आहे हे डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदींच्या) टीएक्सटी नोंदीने सिद्ध करा आणि साइटमॅप (पानांची यादी) द्या. महिन्यातून एकदा लोक कुठल्या शब्दांनी येतात ते बघा. रोजचे आकडे बघण्यात अर्थ नाही.

दर तीन महिन्यांनी लायचीसारखा लिंक तपासणारा प्रोग्राम चालवा. ४०४ (पान सापडलं नाही) आलेल्या लिंक खरंच मेलेल्या असतात. ४०३ (परवानगी नाही) किंवा ४२९ (फार जास्त विनंत्या) आलं तर समोरच्या साइटने बॉट म्हणून अडवलं असण्याचीच शक्यता जास्त, त्या हाताने उघडून बघा. मेलेल्या लिंकच्या जागी इंटरनेट आर्काइव्हवरची प्रत द्या.

मजकुराच्या तीन प्रती हव्यात: लॅपटॉपवर, गिट होस्टवर आणि घरच्या एका हार्ड डिस्कवर. वर्डप्रेस असेल तर डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर दोन्ही घ्या. नुसत्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये चित्रं येत नाहीत, त्यांचे फक्त पत्ते येतात. वर्षातून एकदा बॅकअपवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये साइट पूर्ण उभी करून बघा.

कालबाह्य लेख डिलीट करू नका. जुन्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती सांभाळणाऱ्या माणसाला तोच लागतो. वर ठळक पट्टी टाका: ही पद्धत कुठल्या आवृत्तीपर्यंत चालते, आणि नव्या लेखाची लिंक. पत्ता बदलावाच लागला तर ह्यूगोमध्ये लेखाच्या शिरोभागात जुना पत्ता 'अलायसेस' खाली लिहा. ह्यूगो त्या जागी नव्या पत्त्याकडे ढकलणारं छोटं पान बनवतं. गिटहब पेजेसवर सर्व्हरच्या पातळीवरचा ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संदेश) लिहिता येत नाही, त्यामुळे तिथे हाच मार्ग. क्लाउडफ्लेअर पेजेसवर रीडायरेक्टची वेगळी फाइल असते आणि तिथे खरा ३०१ देता येतो. दोन्हीकडे बदल केल्यावर जुनी लिंक खासगी विंडोत उघडून बघा, कारण नेहमीच्या ब्राउझरने जुनं पान कॅशमध्ये धरून ठेवलेलं असू शकतं.