सेकंडहँड सीओटू मशीन आणि जुनी गाडी : या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादा फॅब्रिकेशनचा शेड बंद होतो, तिथलं सीओटू मशीन, म्हणजे सीओटू गॅसच्या आडोशात वायर वितळवून वेल्डिंग करणारं मशीन, विकायला निघतं आणि घरी पद्मिनी नाहीतर अँबेसिडर उघडून बसलेला कुणीतरी ते स्वस्तात उचलतो. आठ दिवसांत तक्रार येते, "मशीन धक्के मारतंय, कार्ड गेलंय वाटतं." कार्ड, म्हणजे आतला कंट्रोलचा सर्किट बोर्ड, क्वचितच गेलेलं असतं. ते मशीन इतकी वर्षं ५ मिमीचे अँगल आणि ग्रिल जोडत होतं. आता त्याच्यापुढे २० गेजचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिमीचा पत्रा ठेवलाय आणि वायर गनपर्यंत येते त्या वाटेत बदल मात्र अर्धाच केलाय.

एका २५० अँपिअरच्या मशीनची हकिकत यासाठी सांगण्यासारखी आहे. गेट बनवणाऱ्याकडून आलेलं, आत १.२ मिमीची वायर. नव्या मालकाने ०.८ चं स्पूल (वायरचं रीळ) चढवलं, गनच्या तोंडाची टिप ०.८ ची लावली आणि झालं असं समजला. वायर थोडी नीट यायची, मग अडखळायची, मग टिपलाच वितळून चिकटायची. वायर पुढे ढकलणारा रोलर घसरतोय असं बघून त्याने दाबाचा स्क्रू आवळला. पुन्हा घसरला, पुन्हा आवळला. मग कार्ड दोनदा दुरुस्तीला गेलं, फीडरची (रोलर फिरवणारी) मोटर बदलली. शेवटी कुणीतरी गनमधला लायनर, म्हणजे केबलीतून वायर नेणारी आतली नळी, ओढून काढला, तेव्हा त्यातून काळी-तांबूस पूड सांडली. लायनर १.२ चा, रोलरची खाचही १.२ ची. जास्तीच्या दाबाने वायर तासली जात होती, तो कीस लायनरमध्ये भरत होता आणि त्या रुंद नळीत बारीक वायर नागमोडी चालत होती. दोन वेळच्या कार्डाच्या बिलात कितीतरी लायनर आले असते.

म्हणून मशीनचं झाकण उघडायच्या आधी वायरची वाट बघा. टिप नवीन लावा, जुनीचं भोक लांबुळकं झालेलं असतं. रोलरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वायर प्रत्यक्ष खाचेत ठेवून बघा. साध्या लोखंडी वायरला व्ही आकाराची खाच लागते, दातेरी रोलर फ्लक्सच्या (आत पूड भरलेल्या) वायरसाठी असतो. लायनर बहुधा रंगाने ओळखतात, निळा ०.६ ते ०.९ ला आणि लाल १.० ते १.२ ला. नवा लायनर कापताना गनची केबल जमिनीवर सरळ पसरा. गुंडाळलेल्या केबलीत मोजून कापलेला लायनर नंतर आखूड पडतो, आणि आखूड लायनरचं दुखणं नव्या मशीनलाही सुटत नाही.

दाब किती ठेवायचा, याची एकच सोपी चाचणी. हातमोजा घाला, गन कोरड्या लाकडाच्या फळीपासून दोन इंचांवर तिरपी धरा आणि ट्रिगर दाबा. वायर फळीला टेकून वळत पुढे यायला हवी. तिला पूर्ण अडवलं तर रोलर घसरायला हवा, फीडरजवळ गुंता व्हायला नको. स्पूलचा ब्रेक इतकाच आवळा, की ट्रिगर सोडल्यावर स्पूल जागच्या जागी थांबेल. त्याहून घट्ट केला तर मोटर उगाच झटते.

सोलापुरात आणखी एक भानगड आहे. यंत्रमागाच्या शेजारच्या खोलीत ठेवलेल्या मशीनचा पंखा कापसाचा बारीक तंतू आत ओढतो. तो वायरच्या तेलकटपणाला चिकटून लायनरमध्ये जातो आणि इन्व्हर्टर असेल तर हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) गादी धरतो. मे महिन्यात मशीन दहा मिनिटांत ट्रिप होतं ते बरेचदा याच गादीमुळे. वायर फीडरमध्ये शिरते तिथे चादरीच्या कतरणीचा तुकडा चिमट्याने लावून ठेवा, फुकटचं औषध आहे. आत हवा मारायची तर कमी दाबाची आणि कोरडी. त्याआधी प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा आणि मीटरने कपॅसिटर तपासा. २३० व्होल्टचं इन्व्हर्टर मशीन आत जवळपास ३२५ व्होल्ट साठवून बसतं, प्लग काढलाय हे त्याला कळत नाही.

वीज. मशीन तीन फेजचं आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. घरच्या सिंगल फेजवर ते चालणार नाही आणि "जुगाड करून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सिंगल फेजवाल्याची चूक वेगळी, तो मंडपवाल्याची बारीक एक्स्टेन्शन वापरतो. ३० मीटर लांब, १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत २५ अँपिअर ओढले की जाऊन-येऊन साडेसतरा व्होल्ट वायरीतच जळतात. ४ चौरस मिमीच्या वायरीत साडेसहा. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडलेलं असतं, त्यात ही भर. रीलवर गुंडाळलेली एक्स्टेन्शन तर तापून वितळते.

अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणाऱ्या तारेचा चिमटा) रंगावर लावू नका. गंजावरही नाही. पत्रा घासून चकचकीत करा आणि क्लॅम्प टाक्यापासून हातभर अंतरात लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, अल्टरनेटर असेल तर त्याची वायरही.

पोलॅरिटी : गॅसवर साधी वायर असेल तर गन पॉझिटिव्हला, बिनगॅसच्या फ्लक्स वायरला निगेटिव्हला. आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते झाकण उचलून बघा. उलटी असेल तर छर्रे (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतात आणि टाका पत्र्यावर नुसता बसतो, आत धरत नाही.

गॅसचं कोडं बहुतेकांना समजतच नाही. सीओटूच्या सिलिंडरचा दाबाचा काटा "भरलाय" म्हणतो म्हणजे भरलाय असं नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तितकाच राहतो, २० अंशांना साधारण ५७ बार. द्रव संपला की काटा भराभर उतरतो. त्यातही ३१ अंशांवर सीओटू द्रव राहतच नाही, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या काट्याशी गप्पा मारण्यात अर्थ नाही. सिलिंडरच्या मानेवर रिकामं वजन कोरलेलं असतं. वजनकाट्यावर तोला, वजा करा, संपलं. रेग्युलेटरला हीटर हवाच, पण तो किती व्होल्टचा आहे ते वाचा. ३६ व्होल्टचा हीटर २३० मध्ये खोचणारे महाभाग आहेत. प्रवाह मिनिटाला १० ते १२ लिटर. टाक्याला बारीक भोकांची जाळी पडतेय? गॅस वाढवण्याआधी शेडमधला पंखा बंद करा. उकाड्यात तो प्रत्येकाने लावलेला असतो आणि वेल्डच्या डोक्यावरचा गॅस उडवून नेतो. तरीही जाळी पडली तर नोझलमधले छर्रे काढा आणि जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. परवडत असेल तर पातळ पत्र्याला ८० टक्के आरगॉन, २० टक्के सीओटूचं मिश्रण घ्या. छर्रे कमी, डोकं शांत.

आता दुसरी मोठी चूक, आणि हिला औषध नाही. घाई.

पद्मिनी काय, अँबेसिडर काय, दोन्हींना वेगळी चॅसिस नाही. बॉडीच भार पेलते आणि त्यात दाराखालच्या सिलचा वाटा मोठा. एका पद्मिनीचे दोन्ही सिल कुजलेले. दारं काढली, गाडी मधोमध दोन जॅकवर घेतली, दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापले, सोबत फ्लोअरही. नवे सिल वाकवून आणले आणि एका दमात लांबलचक शिवण मारून बसवले. शिवण दिसायला सुरेख होती. दारं लावायला घेतली तेव्हा मागच्या वरच्या कोपऱ्यात दार घासत होतं आणि कुलूप खाचेच्या बोटभर खाली. बॉडी बसली होती आणि वेल्डने तशीच पक्की झाली होती. सगळं पुन्हा कापावं लागलं.

एका वेळी एकच बाजू. दारं जागेवर ठेवून फटी मोजा, मग दाराच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाक्यांनी धरा. आधार सस्पेन्शनच्या जागी द्या, पोटाखाली नाही. तिरकी मापं मार्करने बॉडीवरच लिहा. वहीत लिहिलेलं माप सापडत नाही.

पत्र्यावर शिवण मारू नका, टाके मारा. ०.८ ची वायर असेल तर १६-१७ व्होल्ट आणि ५०-६० अँपिअरपासून सुरुवात करा, आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर. अर्ध्या सेकंदाचा टाका, पुढचा ३० मिमीवर, त्याच्या पुढचा दुसऱ्या टोकाला. उघडा हात ठेवता येईल इतकं निवलं की मधल्या जागा भरा. ओलं फडकं लावून थंड करणारे स्वतःला हुशार समजतात, पत्रा आणखी आकसतो. दोन पत्र्यांतली फट वायरच्या जाडीएवढीच ठेवा. भोक पडत असेल तर मागे तांब्याची पट्टी दाबा, तिला वेल्ड चिकटत नाही. मशीनचा सगळ्यात खालचा टप्पाही पत्रा जाळत असेल तर ०.६ ची वायर घ्या, आणि त्यानेही भागलं नाही तर ते मशीन गेटवाल्यालाच परत विका.

बाकीच्या थोडक्यात. गंजलेल्या पत्र्याला ठिगळ जोडू नका, खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापत जा. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी आर्क मारू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. गाडीखालच्या खड्ड्यात सीओटू साचतो, तो हवेपेक्षा जड आहे, तिथे एकट्याने उतरू नका. पेट्रोलची टाकी काढून बाहेर न्या, रिकामी असली तरी, खरं तर रिकामी असली तर जास्तच. सीट, कार्पेट आणि फ्लोअरचे डांबरी पॅड काढा. शेवटचा टाका मारल्यावर निदान अर्धा तास बादली घेऊन गाडीजवळ बसा. कोपऱ्यात राहून गेलेला सीटचा काथ्या आतल्या आत धुमसतो, धूर बाहेर दिसेपर्यंत शेडला कुलूप लागलेलं असतं.