चाकणला लागताय? मग डायरी घ्या: मशीन, कॉम्प्युटर आणि आपल्या रक्ताची नोंद

गावाकडची पोरं फोन करून पहिलं एकच विचारतात, दादा पगार किती पडेल. पगाराचं मी शेवटी सांगतो, तसाही तो शेवटीच येतो, सात तारीख उलटल्यावर. त्याआधी दुसऱ्या काही गोष्टी सांगायच्यात ज्या आयटीआयमध्ये कोणी शिकवत नाही आणि कंपनीच्या इंडक्शनमध्ये तर मुळीच नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ब्रह्मपुरीकडचा. मशिनिस्ट ट्रेड केला, २०११ ला बॅग घेऊन पुण्याला उतरलो, आधी भोसरी मग चाकण, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट, ऑपरेटर आणि आता मशीनचं सेटिंग लावून देणारा सेटर. म्हणजे फार मोठा माणूस नाही, पण चौदा वर्षं हूटर ऐकतोय तर थोडं बोलायचा हक्क आहे.

आमच्या वेळी उत्पादनाचा हिशोब पाटीवर खडूने लिहायचे. शिफ्ट संपताना सुपरवायझर यायचा, "किती झाले रे?", आपण सांगायचो, तो लिहायचा. आता प्रत्येक मशीनला डबा बसवलाय. सायकल स्टार्ट दाबलं की वेळ नोंदली, मशीन थांबलं की परत वेळ नोंदली. हजेरीला अंगठा, पार्टला बारकोड, मटेरियल सॅप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मेडिकल रिपोर्ट कुठल्यातरी एक्सेलमध्ये. मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाहीये, आधीच सांगतो. टूलने किती पीस काढले ते मोजणारा टूल लाइफ काउंटर आल्यापासून इन्सर्ट म्हणजे कापायची टिप तुटून बोअर, म्हणजे पार्टचं भोक, खराब होणं किती कमी झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, पूर्वी आवाजावरून ओळखायला लागायचं की टिप गेली आणि नाइटला अर्ध्या झोपेत कसला आवाज. पण कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलं जातं ते कोण लिहितो, हा प्रश्न नवीन माणसाच्या डोक्यात येतच नाही. माझ्याही आला नव्हता.

तर झालं असं. मशीन पाच मिनिटं थांबलं की टॅबवर यादी यायची, थांबण्याचं कारण निवडा. टूल चेंज, सेटिंग, मटेरियल नाही, मेंटेनन्स, असे चौदा प्रकार. आता हात कूलंटने भरलेले, तो टच ओल्या बोटाला दाद देत नाही, ग्लोव्हज काढा, पुसा, दाबा. आणि तुम्ही मशीनपाशी नसालच तर? सेटिंग बदलल्यावर फर्स्ट पीस घेऊन मी क्यूसी म्हणजे तपासणीच्या रूमला जायचो, तिथे सीएमएम या मोजायच्या मशीनवर पार्ट मोजून अप्रूव्हल मिळाल्याशिवाय पुढचा पीस काढायचा नाही हा नियम. रांग असली की अर्धा तास गेला. तेवढ्यात इकडे टॅब दहा मिनिटं वाट बघायचा आणि स्वतःच कारण टाकून मोकळा व्हायचा: ऑपरेटर नॉट अ‍ॅव्हेलेबल.

महिन्याच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर लाल खांब. माझ्या मशीनवर अकरा तास ऑपरेटर गायब. अकरा तास! सगळे माझ्याकडे बघतायत, शिफ्ट इनचार्ज विचारतोय की टपरीवर असतोस का. मी म्हटलं साहेब मी सीएमएमच्या दारात उभा होतो, तर म्हणे सिस्टिम खोटं बोलत नाही.

नशीब की मला डायरी लिहायची सवय होती. खिशातली लाल छोटी डायरी, ती मूळची ऑफसेटसाठी, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती. कुठल्या बोअरला किती वेअर ऑफसेट दिला ते लिहायचो, कारण ०.०२ च्या जागी ०.२ टाकून एकदा अठरा पीस भंगारात घातले होते. त्याच डायरीत वेळाही असायच्या, "१४ तारीख, १०.२० ते १०.५५, फर्स्ट पीस, रांग". क्यूसी रूमच्या रजिस्टरला माझ्या सह्या होत्याच. दोन्ही शेजारी ठेवलं तर अकरातले नऊ तास जुळले. उरलेले दोन तास? त्यातला काही वेळ चहाला गेला असेल, मी काही संत नाही.

त्यातून पुढे जे निघालं ते जास्त महत्त्वाचं. तीन लाइनला मिळून सीएमएम एकच आणि तिन्ही लाइनचं सेटिंग सकाळी शिफ्ट लागल्या लागल्या बदलायचं, म्हणजे सगळे फर्स्ट पीस एकाच वेळी दारात. सेटिंगच्या वेळा पुढेमागे केल्या आणि रांग जवळजवळ संपली. एक रुपया खर्च नाही. आणि आपोआप पडणाऱ्या कोडचं नाव बदलून "कारण निवडलं नाही" असं केलं. एवढ्याशा बदलाला मला चार महिने भांडावं लागलं.

आता तुम्हाला ओईई, म्हणजे मशीनचा वेळ किती कामी आला त्याचे टक्के, हा शब्द पहिल्या आठवड्यात ऐकायला मिळेल, बोर्डावर टक्के लिहिलेले असतात. घाबरू नका, भागाकार येत असला की बास. समजा शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ५० वजा, राहिली ४३०. त्यात मशीन ५५ मिनिटं बंद, म्हणजे चाललं ३७५. हे झालं ८७ टक्के. सायकल टाइम ७२ सेकंद धरला आणि पीस निघाले २९०, म्हणजे ३४८ मिनिटांचं काम ३७५ मिनिटांत, ९३ टक्के. त्यातले सहा रिजेक्ट, म्हणजे ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार साधारण ७९. हे गणित जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम या मशीन निगेच्या पद्धतीबरोबर रूढ केलं आणि जो ८५ चा आकडा साहेब लोक मंत्रासारखा म्हणतात तो ९०, ९५ आणि ९९ च्या गुणाकारातून येतो, एवढंच. मूळ हेतू मशीनचं नुकसान शोधायचा होता, माणसाला मार्क द्यायचा नाही. आमच्याकडे बोर्डावर मशीन नंबरच्या शेजारी ऑपरेटरचं नाव लिहायला लागले तिथेच घोटाळा झाला. कारण नाव आलं की माणूस आकडा वाचवायला लागतो. मीसुद्धा वाचवलाय. फीड ओव्हरराइड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, १२० टक्क्यांना टाकायचा, पीसमागे चार-पाच सेकंद वाचतात, महिनाभर तुमचं कौतुक. इकडे जी टिप दोनशे पीस द्यायची ती सव्वाशेला बसते आणि ते नुकसान टूल स्टोअरच्या खात्यात जातं, तुमच्या नाही. वर आयईवाला, म्हणजे कामाचा वेळ मोजणारा इंजिनिअर, स्टॉपवॉच घेऊन आला आणि त्याने तोच वेग स्टँडर्ड म्हणून लिहून घेतला तर पुढच्या सगळ्या पोरांचं टार्गेट तुम्ही वाढवून ठेवलं. म्हणून टाइम स्टडीच्या दिवशी रोज जसं काम करता तसंच करा, गेजिंग करा, चिप्स काढा, पाणी प्या. हळू करू नका, ते लगेच कळतं. पण हिरोगिरी नको.

आणि लॉगिन. प्रत्येक लाइनवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर पासवर्ड, सगळे त्याच नावाने आत जातात. तुमच्या नावाने दुसऱ्याला ऑफसेट बदलू देऊ नका, मित्र असला तरी. रिजेक्शनची चौकशी लागली की मित्र सेकंड शिफ्टला असतो.

आता रक्ताचं. हे लिहायला मला जरा वेळ लागला.

आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे घराण्यातून येणारा रक्ताचा आजार, आहे हे तिकडच्या लोकांना सांगायला नको, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, इकडे नंदुरबार. शाळेत असताना आरोग्यवाले आले होते, बोट टोचून सोल्युबिलिटी टेस्ट केली, मग काही जणांचं रक्त पक्क्या तपासणीला, इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवलं. माझं आलं एएस पॅटर्न. म्हणजे वाहक, आजारी नाही. एसएस असेल तर तो आजार, अंग ठणकतं, रक्त भरावं लागतं, माझ्या आत्याच्या पोराचं मी बघितलंय. एएसवाला सहसा धडधाकट असतो, फक्त लग्न करताना समोरच्याचं सिकलसेलचं कार्ड बघायचं, कारण दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणाला एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक.

जॉइनिंगच्या मेडिकलला फॉर्मवर रकाना होता, घराण्यात काही आजार. मी सरळ माणूस, लिहिलं सिकलसेल एएस. त्या डॉक्टरने काही विचारलं नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या पोराने तो फॉर्म एक्सेलमध्ये उतरवला आणि त्या एक्सेलची प्रिंट फर्स्ट एड रूमच्या दारावर लावली, नाव, रक्तगट, शेरा. माझ्या शेऱ्यात एकच शब्द, सिकल. एएस गाळला. सुपरवायझरने वाचलं आणि मला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं, म्हणे उगाच काही झालं तर जबाबदारी कोणाची. आठ महिने खोक्यांना टेप लावली. पोरं हाक मारायची "ए सिकल". कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे, पण मशीनचे आठ महिने गेले ते गेलेच. शेवटी फॅक्टरीचा मेडिकल ऑफिसर बदलला, नव्या डॉक्टरने पाच मिनिटांत लिहून दिलं की फिट आहे, उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं.

खरी गोष्ट तर त्याच्या पुढची. दोन वर्षांनी धाकटा भाऊ त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे इंटरव्ह्यूला गेला. आडनाव तेच, गाव तेच. समोरच्याने विचारलं, "तुमच्या घरी सिकल आहे ना?" भावाची टेस्ट नॉर्मल, त्याने फॉर्मवर काही लिहिलेलंच नाही, तरी त्याला उत्तर द्यावं लागलं. आईने फोनवर मला विचारलं, "तुनं का लिहून देल्लं होतं रे बाबू तिथं?" काय सांगणार. माझ्या रक्ताची नोंद मला वाटली माझी आहे, ती तर अख्ख्या घराची निघाली.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचायला लागलो. युनियनच्या ट्रेनिंगला एका वकिलांनी अमेरिकेतली एक केस सांगितली होती. जॉर्जिया राज्यातलं किराणा मालाचं गोदाम, कंपनी अ‍ॅटलस लॉजिस्टिक्स. तिथे कोणीतरी गोदामात संडास करून ठेवत होतं, खरंच, हसू नका. कंपनीने २०१२ मध्ये दोन कामगारांच्या गालाच्या आतली लाळ कापसाच्या काडीवर घेतली आणि डीएनए जुळवला. दोघांचाही जुळला नाही. दोघं कोर्टात गेले. तिकडे जिना नावाचा २००८ चा कायदा आहे, मालकाने कामगाराची जनुकीय माहिती मागायचीच नाही. कंपनी म्हणाली आम्ही आजार थोडाच शोधत होतो, कोर्ट म्हणालं तरीही चालणार नाही, आणि २०१५ मध्ये ज्यूरीने साधारण २२ लाख डॉलर भरपाई ठरवली.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, नोकरीत भेदभाव चालत नाही. सिकलसेलचा आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत आहे. पण त्या यादीत आजार आहे, वाहक नाही, म्हणजे माझ्यासारखा एएसवाला आजारीही नाही आणि संरक्षितही नाही, मधल्या मध्ये. विम्याच्या बाबतीत दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये म्हटलंय की जनुकीय आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं हा भेदभाव आहे, ते एक बरं झालं. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय पण त्यात कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही बाबतीत संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवलीय. म्हणजे आपलं आपणच बघायचं.

मग फॉर्मवर खोटं लिहायचं का? मी तसं सांगणार नाही. एसएस असाल तर डॉक्टरला सांगाच, भट्टीपाशी डबल शिफ्ट करून क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका आला तर जिवावर बेतेल. पण डॉक्टरला सांगा, कॉन्ट्रॅक्टरच्या पोराला नको. रकाना असेल तर विचारा की हा कागद कोणाच्या कपाटात जाणार. सुपरवायझरला फक्त फिट की अनफिट एवढंच कळायला पाहिजे, का ते नाही. एएस असाल तर ते शब्द पूर्ण लिहून घ्या, "वाहक, आजार नाही", आणि त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. ऐकायचा टेस्ट, फुंकायचा टेस्ट हे दरवर्षी होतात, ते टाळू नका, प्रेस शॉपमध्ये कान जातात ते हळूहळू जातात, पहिल्या वर्षीचा रिपोर्ट हातात असला तर नंतर सिद्ध करता येतं की येताना कान ठीक होते. तोही मागून घ्या, देत नाहीत सहज.

मागच्या जूनला आमच्या लाइनवर गडचिरोलीतल्या कोरचीकडचा एक अप्रेंटिस आला. फाइल उघडली तर सगळ्यात वर, मार्कलिस्टच्याही वर, सिकलसेलचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं. सरकारी कागद म्हणून बिचाऱ्याने अभिमानाने लावलेला. मी ते काढून त्याच्या पाकिटात ठेवायला सांगितलं आणि आंबेठाण चौकातून वीस रुपयांची डायरी आणून दिली. सध्या तो त्यात ऑफसेट कमी आणि कॅन्टीनची भाजी जास्त लिहितो.

हां, पगार. माझा पहिला हातात आलेला नऊ हजार होता, रूममध्ये सहा जण. आता तुम्हाला त्याहून बराच जास्त मिळेल पण रूमभाडं पण तसंच वाढलंय. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो का ते बघा, आणि यूएएन म्हणजे पीएफचा नंबर लावून तो खरंच भरलाय का ते पण बघा, कापलेला असतो आणि भरलेला नसतो असं होतं. ओव्हरटाइम डबल रेटने लागतो. अंगठ्याचं मशीन तास मोजतं पण शिफ्ट बारानंतर संपली की तारीख बदलते आणि तिथे तास गळतात. मागच्या महिन्यात माझे साडेतीन तास गळले होते, डायरी नेऊन दाखवली, एचआरच्या मॅडमनी दोनदा बेरीज केली आणि या पगारात लावून दिले.