वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि सवलती कशा मिळवाव्यात

सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांगत्व तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर आमचा मुलगा दहाएक मिनिटं बसला आणि तेवढ्या वेळात त्यानं काही म्हणजे काही केलं नाही. खिशातली बाटल्यांची बुचं काढली, टेबलाच्या कडेला एका ओळीत लावली, पुन्हा गोळा केली. "शांत आहे की," डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्री शेजारच्या मिक्सरच्या आवाजानं त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. कपाळावरचं टेंगूळ मी सकाळी केस पुढे ओढून झाकलं होतं. लाज वाटली म्हणून. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परतलो, आणि दोष निम्मा तरी माझाच होता.

पुढच्या खेपेला काम झालं. मधल्या काळात जे कळलं ते महाराष्ट्रातल्या पालकांसाठी क्रमानं लिहिते आहे.

१. वागण्यामागचं निदान आधी करून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यात 'वर्तन समस्या' असा प्रकार नाही. मारतो, चावतो, वस्तू फेकतो, वर्गात बसत नाही, ही झाली लक्षणं. यादीत आहेत ते स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण), मानसिक आजार, सेरेब्रल पाल्सी वगैरे. त्यामुळे पहिला प्रश्न "सवलत कुठली मिळेल" हा नसून "हे वागणं कशामुळे आहे" हा असतो.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकते. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, या यादीत स्वतंत्रपणे नाही. निव्वळ एडीएचडीचं निदान घेऊन बोर्डापुढे गेलात तर हेलपाटा पडण्याचीच शक्यता जास्त. पण एडीएचडी बरेचदा एकटं येत नाही. त्याच्या जोडीला ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमता असू शकते. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, या दोन्हींची तपासणी झाली आहे का? आणि कानांची तपासणीही करून घ्या. हाक मारल्यावर न बघणारं मूल कधी कधी खरंच ऐकत नसतं.

सुरुवात कुठून करायची? खाजगी बालविकासतज्ज्ञ परवडत असतील तर उत्तम. नसतील तर बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, ते बहुधा सिव्हिलच्या आवारातच. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवू शकतं.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही. पहिलीतल्या मुलासाठी त्यामागे धावू नका.

२. वही घाला

सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि बहुतेक पालक हेच करत नाहीत.

ऑटिझमचं मोजमाप आपल्याकडे 'इसा' या भारतीय मापनपद्धतीनं होतं. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. हे गुण वागणं किती भयंकर आहे यावर नसून ते किती वेळा दिसतं यावर असतात. २० टक्क्यांपर्यंत वेळ दिसत असेल तर १, आणि ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ कायम, तर ५. एकूण बेरीज ७० च्या खाली राहिली तर ऑटिझम धरत नाहीत. आता बघा, "कधी कधी करतो हो" असं आपण सवयीनं बोलून जातो, आणि तेवढ्यावर दोन गुण पडतात.

म्हणून दोन-तीन आठवडे रोज लिहा. वार, वेळ, काय झालं, आधी काय घडलं, किती वेळ चाललं, कोणी आवरलं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "मंगळवार, संध्या. ६.४०. रिक्षा नेहमीच्या रस्त्यानं न जाता पुलावरून गेली. रडणं, माझा हात चावला (डावा, खूण आहे). ३५ मि. घरी आल्यावर न जेवता झोपला." विशेषणं नकोत. 'खूप त्रास देतो' या वाक्याला कुठल्याच तक्त्यात जागा नाही, ३५ मिनिटांना आहे. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओही ठेवा. बोर्डासमोर मूल शांत बसलं तर तेच बोलतील.

दुसरी चाचणी व्हाइनलँडची. मूल स्वतःचं स्वतः काय करू शकतं हे त्यात पालकांना विचारतात. सगळं वजन 'स्वतः' या शब्दावर. मला विचारलं, "अंघोळ करतो?" मी म्हटलं, "हो." खरं तर पाणी मी काढते, साबण मी हातात देते, "आता पाठ, आता पाय" असं मी म्हणत राहते, आणि मी बाहेर गेले तर तो तांब्या नळावर वाजवण्याच्या नादात अर्धा तास बसतो. हे 'हो' नव्हे. पोराला चार लोकांत चांगलं दाखवायची आपली जन्माची सवय असते. त्या खोलीत ती दाराबाहेर ठेवायची. उलट बाजूनं वाढवून सांगायचंही नाही. खोटेपणानं लाभ घेतल्यास याच कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

शाळेकडूनही एक पत्र घ्या. "सहकार्य करत नाही" एवढंच लिहून देतील. वर्गशिक्षकांना गोड बोलून तपशील लिहायला सांगा. किती वेळ बाकावर बसतो, डबा कोण भरवतं, मधल्या सुट्टीत कुठे असतो.

३. यूडीआयडीचा अर्ज

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. प्रमाणपत्र आणि हे कार्ड दोन्हींसाठी 'स्वावलंबन कार्ड' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर एकच अर्ज असतो. घरच्या मोबाइलवरून होतो. जमत नसेल तर सेतू किंवा आपलं सरकार केंद्रात भरून घ्या. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, पालकांची माहिती लागते. तपासणीचे जुने रिपोर्ट असतील तर जवळ तयार ठेवा. मुलाच्या नावाचं स्पेलिंग आधार, जन्मदाखला आणि शाळेत सारखंच आहे ना, हे आधी बघा. एका अक्षरापायी पुढची प्रत्येक योजना अडते. अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात, हे आधी चौकशी करूनच निवडा.

नोंदणी क्रमांकाची पावती जपून ठेवा. प्रमाणपत्राला सरकारी फी नाही. रुग्णालयाच्या फाटकाशी "करून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडा. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलले, आणि रुग्णालयाला निर्णयासाठी आता ३ महिन्यांची मुदत आहे.

४. बोर्डाचा दिवस

सकाळी लवकर जा, केसपेपर काढा आणि वाट बघायची तयारी ठेवा. रांगेत गलका असतो, ट्यूबलाइट भगभगत असते, आमच्यासारख्या मुलांना नको ते सगळं तिथे असतं. घरातलं दुसरं मोठं माणूस बरोबर घ्याच: एकानं रांगेत, एकानं मुलाबरोबर आवारातल्या झाडाखाली. आवडता खाऊ आणि ती बुचं (किंवा तुमच्या घरी जे काही असेल ते) विसरू नका.

फाइल अशी लावा: वर एका पानाचा गोषवारा, मग निदान, चाचण्यांचे रिपोर्ट, औषधं, शाळेचं पत्र, शेवटी वही. डॉक्टरांना वही वाचायला वेळ नसतो, पण एक पान ते वाचतात. आमच्या दुसऱ्या खेपेला मी त्या पानावर चारच गोष्टी लिहिल्या होत्या, आकड्यांसकट. मॅडमनी पान खाली ठेवलं नि विचारलं, "चावल्याची खूण कुठेय?" मी बाही वर केली.

बहुतेकदा काम एका दिवसात उरकत नाही. आयक्यूची चाचणी, व्हाइनलँड, इसा यांना वेगवेगळ्या तारखा मिळतात.

५. टक्के, कार्ड आणि नकार

प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व टक्क्यांत लिहितात, आणि ४० टक्के हा उंबरठा आहे. बहुतेक सवलती त्याच्यावरच सुरू होतात. नव्या नियमांप्रमाणे ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं.

नकार मिळाला तर तो तोंडी घेऊन घरी येऊ नका. कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्या. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. कार्यालयच दाद देत नसेल तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

६. कार्ड हातात आल्यावर

कार्ड आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं नसतं. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा.

थेरपी चालू असलेल्या घरांनी आधी 'निरामय' आरोग्य विमा बघावा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा हा विमा ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी व थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत नाव घालता येतं. पैसे आधी आपण भरायचे नि मग बिलं पाठवायची, म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी सही-शिक्क्याची पावती घ्या. वर्षअखेरीला एकदम मागितली तर मिळेलच असं नाही.

उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा गाठा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आलं. ५० हजारांची मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद आहे. महिना सव्वाचार हजारांत राहणारं घर थेरपीला जाणार कशानं? पण बसत असाल तर सोडू नका.

नोकरदारांना दिव्यांग मुलासाठी प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत वजावट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी): ४० टक्क्यांवर ७५ हजार, ८० किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी या रकमेचा संबंध नाही. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, म्हणून प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडचा हिशेब मांडून बघा. ऑटिझम असेल तर वेगळा फॉर्म लागतो (१९६१ च्या कायद्याखाली तो १०-आयए).

शाळेसाठी सांगायचं तर शिक्षण हक्काच्या २५ टक्के प्रवेशात दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिकाची सोय आहे. मात्र शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज वेळेत जायला हवा, ते नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत. ग्रामपंचायत आणि नगरपालिकांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आपल्या गावात ते कशावर गेले, हे ग्रामसभेत उठून विचारायला हरकत नाही.

शेवटी प्रमाणपत्रावरची तारीख. मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं, मग फेरतपासणी. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी अर्ज टाका, नाहीतर विम्यापासून एसटीपर्यंत सगळं एकदम थांबतं. आमच्याकडे ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली आहे. वहीसुद्धा मी बंद केलेली नाही. फेरतपासणीला तीच लागणार आहे, आणि परवा त्यात पहिल्यांदा अशी नोंद झाली की शेजारचा मिक्सर चालू होता आणि त्यानं स्वतःहून हेडफोन घातले.