पेरणीआधी माती हुंगून पाहा : तेल सांडलेल्या जागी बी का उगवत नाही

पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले, शेत हिरवं दिसू लागलं आणि मधेच एखादा डाग मोकळा राहिला, की पहिला संशय बियाण्यावर जातो. मग पाखरांवर, मग वाळवीवर. पण तो डाग पंपाच्या इंजिनाजवळ असेल, ट्रॅक्टर उभा करता तिथे असेल किंवा डिझेल भरायच्या जागी असेल, तर नांग्या भरण्याआधी, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टाकण्याआधी, तिथली मूठभर माती उचलून वास घ्या. पेरलेलं एखादं बी उकरून काढा. चांगल्या मातीतलं बी एव्हाना फुगून फुटलेलं असतं. तेलकट मातीतलं पुष्कळदा पेरलं तसंच सापडतं, टणक आणि वरून तुकतुकीत. कधी मोड आलेला असतो, पण मुळाचं टोक तपकिरी पडून वाढ तिथेच थांबलेली असते.

बी उगवायला पाणी, हवा आणि ऊब लागते. यातल्या पहिल्या दोन्ही वाटा तेल अडवतं. मातीचे कण तेलाने माखले की पाणी मुरत नाही, वरच्या वर वाहून जातं. जमीन काळी, ओली दिसते, पण तो ओलेपणा तेलाचा असतो आणि बी खाली तहानलेलंच राहतं. बियाच्या कवचावर तेलाचा थर बसला की पाणी शोषलं जात नाही आणि प्राणवायूही पोचत नाही. शिवाय पेट्रोल-डिझेलमधले हलके, उडून जाणारे घटक कवचातून आत शिरून गर्भालाच इजा करतात. म्हणून ताजं सांडलेलं डिझेल उगवणीला फार घातक ठरतं.

काही आठवड्यांत हा हलका भाग बराचसा उडून जातो, वास कमी होतो, बीही थोडंफार उगवू लागतं. इथेच फसगत होते. जड भाग मातीत तसाच असतो आणि उगवलेली रोपं पिवळी, खुजी राहतात. तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो आणि नत्र जवळजवळ नसतंच. तेल खाणारे जिवाणू वाढले की त्यांना लागणारं नत्र ते मातीतून घेतात आणि रोपाच्या वाट्याला उरत नाही. हे जिवाणू आपल्या कामाचे आहेत, पण त्यांचं काम चालू असताना त्याच जागी पीक घ्यायचा हट्ट धरू नये.

पेरणीला अजून अवधी असेल तर दोन चाचण्या घरीच करा. संशयित जागेची माती सावलीत वाळवून सपाट पसरा आणि वर पाण्याचा थेंब सोडा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ थेंब तसाच उभा राहिला तर ती माती पाणी झिडकारते आहे असं समजा. दुसरी चाचणी जास्त भरवशाची. एका कुंडीत ही माती आणि दुसरीत त्याच शेतातली स्वच्छ माती भरा, दोन्हींत एकाच पिशवीतलं २५-२५ बी टाका, सारखं पाणी द्या आणि रोज मोजा. किती उगवलं याबरोबर किती दिवस उशिरा उगवलं हेही लिहून ठेवा. मग दोन-चार रोपं उपटून मुळांची लांबी ताडून बघा. नुकसान बऱ्याचदा कोंबाआधी मुळात दिसतं.

तेल नुकतंच सांडलं असेल तर घाई करा. कोरडी माती, भुसा किंवा काडीकचरा टाकून ते शोषून घ्या आणि तेवढा थर खरवडून विहीर-ओढ्यापासून लांब, प्लास्टिकच्या कागदावर झाकून ठेवा. पाण्याने धुऊ नका, साबण ओतू नका, पेटवून तर मुळीच देऊ नका. धुतलेलं तेल खोल तरी जातं, नाहीतर शेजारच्या सरीत.

जुन्या डागाला वेळ द्यावा लागतो. माती वरचेवर भुसभुशीत करा, चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा, वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, टिकवा. पाणी साचू देऊ नका, कारण हे जिवाणू हवेवर जगतात. नत्राचा हिशेब नीट समजून घ्या. साधारणपणे १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद धरतात. एक लिटर डिझेलमध्ये ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन असतो, म्हणजे ७० ग्रॅम नत्र, अर्थात दीडशे ग्रॅम युरिया. पण एक चौरस मीटर जागेत एवढा युरिया एकदम टाकलात तर त्या खारानेच बी मरेल. काही महिन्यांत, चिमूट-चिमूट करून द्या. त्या जागेचं पुन्हा पीक घेण्याआधी कुंडीची चाचणी परत करा, आणि खायच्या पिकाची तर अजिबात घाई करू नका.

इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलबद्दल कळकळीने सांगतो. तण मारायला किंवा वाळवी घालवायला ते बांधावर ओतू नका. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि उष्णतेने तयार झालेली विषारी संयुगं असतात. तेलाचा काही भाग जिवाणू खातील, धातू मात्र कुणी खात नाही. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडेच द्या.

पेरणीयंत्र बाहेर काढाल तेव्हा बियाच्या पेटीत आणि नळ्यांत वंगण उतरलं आहे का, हे कोऱ्या फडक्याने पुसून बघा. बियाणं तेलाच्या जुन्या कॅनमध्ये भरू नका. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते, पण थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तरी आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल जमिनीत जातं. गळकी नळी पेरणीआधीच बदलून घ्या.