रिमफायर पिस्तुलाचे मॅगझिन सहज सुटावे यासाठी: आधी सफाई, मग बदल

पॉइंट टू-टू हे रिमफायर पिस्तूल, म्हणजे काडतुसाच्या मागच्या कडेवर (रिमवर) पिन आदळून गोळी सुटते असे. त्याचे मॅगझिन (काडतुसांची डबी) अडकू लागले की पुष्कळांचा हात आधी कानशीकडे जातो, आणि तिथेच चूक होते. या काडतुसाची शिशाची गोळी बहुधा मेणाने माखलेली असते, तिची दारूही बरीच काजळी धरते. हे मेण, काजळी आणि शिशाचा भुगा मिळून जो चिकट थर बसतो, तोच अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असतो. म्हणून आधी सफाई करावी, मग बदलाचा विचार करावा.

सुरुवातीला नळी सुरक्षित दिशेला रोखून आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून मॅगझिन काढावे, त्यानंतर बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती नळीमागची जागा) डोळ्यांनी पाहावा व बोटानेही चाचपावा. हा क्रम उलटा करू नये, कारण मॅगझिन आत असताना सोडलेला बोल्ट पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढवतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून मगच कामाला बसावे.

आता दोष कुठे आहे ते शोधावे. पिस्तूल उभे धरून रिकामे मॅगझिन बसवावे आणि बटण दाबावे. एक मॅगझिन अडकते व दुसरे सुटते असे दिसल्यास दोष त्या मॅगझिनचा. दोन्ही अडकत असल्यास मुठीतील पोकळी, कॅच (मॅगझिन अडवून धरणारी खिटी) किंवा आत घासणारी मुठीची पट्टी तपासावी. मात्र काही पिस्तुलांची रचनाच तशी असते. रुगर कंपनीच्या १९४९ सालच्या मूळ पिस्तुलात आणि १९८२ सालच्या मार्क टूमध्ये कॅच मुठीच्या तळाशी असल्यामुळे मॅगझिन दुसऱ्या हाताने ओढूनच काढावे लागते. मार्क थ्रीमध्ये बटण ट्रिगरच्या मागे आले, पण मॅगझिनविना गोळी सुटू नये म्हणून बसवलेल्या डिस्कनेक्टच्या दाबामुळे ते सहसा आपणहून खाली पडत नाही. २०१६ सालच्या मार्क फोरमध्ये ही अडचण बरीच दूर झाली. आपले पिस्तूल जुन्या घडणीचे असेल, तर जे मुळातच सुटण्यासाठी घडवलेले नाही, ते घासून सुटणार नाही.

मॅगझिनची सफाई सावकाश करावी. तळपट्टी सोडवताना दुसऱ्या हाताचा अंगठा स्प्रिंगवर दाबून धरावा, नाहीतर ती उसळून खोलीत कुठेतरी हरवते. स्प्रिंगची कोणती बाजू वर होती याचे छायाचित्र आधीच काढून ठेवलेले बरे. डबी, स्प्रिंग आणि काडतुसे वर ढकलणारा फॉलोअर सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसावेत, कोपऱ्यांतील मेण लाकडी काडीने खरवडावे आणि सर्व भाग कोरडे करावेत. आत तेल अजिबात घालू नये, कारण तेलावर काजळी बसली की महिन्याभरात पूर्वीचाच चिकटा परत येतो. वरच्या ओठांना पक्कड लावू नये. ते किंचित जरी वाकले, तरी काडतूस चुकीच्या कोनातून चढते. मुठीतील पोकळीही त्याच फडक्याने पुसावी आणि कॅचच्या फटीत साचलेली घाण नायलॉनच्या ब्रशने काढावी.

नळीची सफाई मागच्या बाजूने करावी. पुढून सळई घातल्यास नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. चेंबरच्या पुढच्या टोकाशी काजळीचे कडे तयार होते, ज्यामुळे काडतूस पूर्ण बसत नाही आणि फायरिंग पिनच्या फटक्याचा काही जोर ते पुढे ढकलण्यातच वाया जातो. ते पितळी ब्रशने काढावे. एक्स्ट्रॅक्टरची (काडतुसाचे रिकामे कवच ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच काडीने साफ करावी. शिसे हाताळल्यामुळे काम संपताच हात साबणाने धुवावेत आणि कामाच्या टेबलावर काही खाऊ-पिऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तरच बदल करावा. सर्वांत निर्धोक बदल म्हणजे त्या मॉडेलसाठीच बनवलेली जाड तळपट्टी, जिच्यामुळे मॅगझिनला धरायला पकड मिळते. दुसरा बदल मोठ्या बटणाचा. पण ते टेबलावर ठेवताना किंवा होल्स्टरमध्ये आपोआप दाबले जात नाही ना, हे पाहून घ्यावे. कॅचची स्प्रिंग कापून हलकी करण्याचा मोह टाळावा, कारण मग मॅगझिन नेमबाजीच्या मध्येच सुटू शकते. डिस्कनेक्ट काढून टाकण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. मला तो पटत नाही, कारण तो सुरक्षेचा भाग आहे आणि काही ठिकाणी कायद्याने किंवा स्पर्धेच्या नियमाने आवश्यकही असू शकतो. कोणताही भाग बदलण्यापूर्वी परवान्याच्या अटी पाहाव्यात आणि आतले काम प्रशिक्षित आर्मररकडेच (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्यावे.

जोडणीनंतर बोल्ट, सेफ्टी आणि कॅच हाताने चालवून पाहावेत. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढणे मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेत मुभा असेल तरच करावे, कारण काही रिमफायर पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिला ठेचते. शेवटी रेंजवर आधी एक, मग दोन काडतुसे भरावीत. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या पुढे बसली आहे याची खात्री करावी, कारण त्या एकमेकींत अडकल्या तर स्वच्छ मॅगझिनही अडते.