एसडीआरचा गेन आणि सिग्नलची मोजणी: या चुका टाळा

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडून रेडिओ ऐकायचा छोटा रिसीव्हर) हातात आला की पहिल्याच संध्याकाळी गेनची, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा याची, पट्टी शेवटपर्यंत ओढली जाते. वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकत जाणारं सिग्नलचं चित्र) उजळतो, सिग्नलचे सुळके उंच होतात आणि रिसीव्हर आता जास्त लांबचं ऐकतोय असं वाटतं. मीही कित्येक महिने तसंच ऐकत होतो. विमानांच्या बँडवर एफएमची गाणी यायची आणि मी दोष अँटेनाला देत होतो.

ती गाणी रिसीव्हरच्या आतच तयार होतात. गेन फार वाढला की ट्यूनरचा (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या भागाचा) पहिला अँप्लिफायर ताणला जातो आणि दोन जोरदार स्टेशनं एकमेकांत मिसळतात. मुंबईत ९३.५ आणि १०७.१ मेगाहर्ट्झवर एफएम स्टेशनं आहेत. १०७.१ च्या दुपटीतून ९३.५ वजा करा: १२०.७. हा आकडा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमान बँडात पडतो. तुम्ही १२०.७ वर असताना स्क्रीनवर जेमतेम २.४ मेगाहर्ट्झचा तुकडा दिसतो, त्यात ही दोन्ही स्टेशनं नसतात. ट्यूनरच्या तोंडाशी मात्र ती येऊन आदळत असतातच. त्यामुळे ‘इथे तर जोरदार काही दिसत नाही, मग ओव्हरलोड कसला?’ हा तर्क फसवा आहे.

खात्री करायची तर अँटेनाच्या वायरीत १० डीबीचा (डेसिबलचा) अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा, लावा. खरा सिग्नल १० डीबीनेच उतरतो, असा भुताटकी सिग्नल सुमारे ३० डीबीने कोसळतो. उपाय म्हणजे गेन कमी करणे, नाहीतर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर. तो बाहेरच्या अँप्लिफायरच्या आधी लावा; जवळ एफएमचा टॉवर असेल तर नंतर लावून उपयोग होत नाही.

मग गेन ठेवायचा किती? आर८२०टी ट्यूनरमध्ये ० ते ४९.६ डीबीपर्यंत २९ पायऱ्या असतात. शून्यापासून एकेक पायरी चढा आणि सुळक्याची उंची न पाहता सुळका आणि नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाही दिसणारी नॉइजची पातळी) यांतलं अंतर पाहा. ते वाढणं थांबलं की तिथेच थांबा. पुढे दोन्ही सारखेच वर जातात, म्हणजे हाती काही लागत नाही; आणखी पुढे नॉइजच जास्त वाढतो. गेन फार कमी ठेवणंही चूकच. या डोंगलचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटांचा आहे, त्यामुळे मंद सिग्नल एडीसीच्या स्वतःच्या नॉइजखाली बुडतो.

सिग्नलची ताकद मोजायची असेल तर ट्यूनर एजीसी आणि आरटीएल एजीसी (गेन आपोआप बदलणाऱ्या सोयी) दोन्ही बंद करा. गेन आपोआप हलत असेल तर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

सगळ्यात रुजलेला गैरसमज आकड्यांच्या एककाचा आहे. स्क्रीनवर दिसतं ते डीबीएफएस, म्हणजे एडीसीच्या कमाल पातळीच्या किती खाली. डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत खरी पॉवर. दोन्ही जोडायला माहीत असलेला सिग्नल लागतो. समजा सिग्नल जनरेटरमधून (ठरवलेल्या पॉवरचा सिग्नल देणाऱ्या यंत्रातून) −६० डीबीएम दिले आणि स्क्रीनवर −२५ दिसले, तर फरक ३५ चा: डीबीएफएसमधून ३५ वजा केले की डीबीएम. लगेच −७० देऊन पाहा. −३५ दिसलं नाही तर रिसीव्हर सरळ रेषेत चालत नाहीये, तो फरक वापरू नका. आणि हा फरक त्याच गेनसाठी, त्याच फ्रिक्वेन्सीजवळच खरा. गेनच्या पट्टीवरचे आकडे अंदाजाचे असतात. गेन १० ने कमी केला म्हणून फरकातून १० वजा करून चालत नाही, पुन्हा मोजावं लागतं. जनरेटरपासून डोंगलपर्यंतच्या केबलमध्ये किती डीबी जातात तेही धरा, आणि डोंगल वीसेक मिनिटं तापू द्या.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही निरीक्षणाच्या वेळी थ्रीसी २८६ किंवा थ्रीसी ४८ अशा आकाशातल्या माहीत असलेल्या रेडिओ स्रोताकडे अँटेना वळवून मोजमाप जुळवून घेतात.

नॉइज फ्लोअरचा आकडा सांगताना बँडविड्थही सांगा. एफएफटी (स्पेक्ट्रम किती खान्यांत विभागायचा तो आकडा) ४०९६ वरून ८१९२ केली की फ्लोअर ३ डीबी खाली दिसतो, पण रिसीव्हर सुधारलेला नसतो. प्रत्येक खाना निम्मा अरुंद झालेला असतो. खोलीच्या तापमानाला निसर्गाचा नॉइजच दर हर्ट्झला −१७४ डीबीएम असतो, म्हणजे १० किलोहर्ट्झमध्ये −१३४. तुमचा आकडा याच्याही खाली येत असेल तर कॅलिब्रेशन चुकलं आहे.

आणि जनरेटर नाही म्हणून वॉकीटॉकी थेट डोंगलला कधीही जोडू नका. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम. बटण दाबताच डोंगल जळेल.